मोगरी दुसऱ्याच्या हाती

पानं कुठं मांडायची ते प्रशांतनं ठरवून टाकलं होतं. आता त्या पानांवर कुणी कुठं बसायचं एवढंच राहिलं होतं.

"आई मधोमध. बरोबर कमानीच्या कळीच्या दगडाखाली." जेवणाच्या टेबलावर तो एकेक चमचा मांडून दाखवत होता. "आईच्या उजव्या हाताला सुलभा, डाव्या हाताला मेघना. कॅमेरा समोरून. पाचर मी काढणार, वरुण माझ्या शेजारी. तीन पिढ्या एका फोटोत."

"साडेतीन," चिंचेतले चिंचोके काढता काढता त्याची आई, इंदुमतीबाई, म्हणाल्या.

प्रशांत हसला. मेघनाचा हात मात्र आपसूक पोटावर गेला. नातसुनेला सातवा महिना लागला होता. इंदुमतीबाईंनी चिंचेचा चिकट हात तसाच पुढं केला, मेघनाच्या नावाचा चमचा उचलला आणि चिंचोक्यांच्या वाटीत टाकला. प्रशांतनं दुसरा चमचा घेतला आणि त्याच जागी ठेवला. त्याचा बाप, वसंतराव, असाच होता. भांडायचा नाही, तेच पुन्हा करायचा.

नामपल्ली स्टेशनमागचा रोशन हॉल या घराच्या हातचा. निजामाच्या राज्यात दत्तात्रयपंत भालकीकर आणि कुदरत अली या दोघांनी मिळून कंपनी काढली, तिचं हे पहिलं मोठं काम. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात त्याची दर्शनी कमान कोसळली. सुदैवानं खाली एक झोपलेलं कुत्रं तेवढं होतं आणि तेही वेळेवर उठून गेलं. वरुणनं ती पुन्हा जुन्या रीतीनं उभी केली होती, वीट आणि चुन्यात. अजून ती लाकडी सांगाड्यावर टेकलेली होती. सांगाडा खांबांवर आणि खांब पाचरींवर. उद्या पाचरी निघाल्या की सांगाडा खाली उतरणार आणि कमान स्वतःच्या पायावर उभी राहणार. पाचरी निघत असताना भालकीकरांच्या घरची माणसं कमानीखाली बसून जेवणार, ही या घराची जुनी रीत. हैदराबादेत अजूनही दोन म्हातारी माणसं भेटली की या जेवणांच्या गोष्टी सांगत. आपण बांधलेल्याखाली आपली बायकामुलं बसवणारी माणसं, असं म्हणत. इंदुमतीबाईंना ते ऐकायला आवडायचं. का आवडू नये?

"बाबा," वरुण म्हणाला. त्यानं पोळीचे तुकडे करून ताटाच्या कडेला रचले होते, खाल्लं काहीच नव्हतं. "यंदा पाऊस दसऱ्यापर्यंत लांबला. चुना ओल धरतो. अजून थोडे दिवस मिळाले असते तर..."

"इंजिनियरची सही झालीय ना?"

"झालीय."

"तुझा हिशोब बरोबर आहे ना?"

"आहे."

"मग? मंत्री उद्या येणारेत, चुना वाळेल तेव्हा नाही."

यावर वरुणनं पोळीचा आणखी एक तुकडा केला. सुलभानं आमटीचं पातेलं उचललं आणि आत निघून गेली. लग्न होऊन आली तेव्हापासून नवऱ्याच्या बोलण्याला तिचं उत्तर म्हणजे भांडं उचलणं. सुरुवातीला इंदुमतीबाईंना याचं बरं वाटलं होतं, आपल्या मुलाला गरीब बायको मिळाली म्हणून. आता त्या पातेल्याचा आवाज त्यांना ऐकवत नव्हता.

दुपारी वरुण त्यांच्या खोलीत आला आणि दार लोटून घेतलं.

"आजी, तू येत नाही म्हण. तब्येत बरी नाही म्हण. तू नाही म्हटल्यावर बाबा पुढं ढकलतील."

"तू सांग की बापाला."

"सांगितलं ना, तुझ्यासमोर."

"सांगितलं नाहीस. पुटपुटलास. काय होईल म्हणतोस, पडेल?"

"नाही पडणार." तो पलंगाच्या कडेला बसला. "कागदावर सगळं ठीक आहे. पण मला झोप लागत नाही. डोळा लागला की मेघना जेवायला बसलेली दिसते आणि तिच्या भातावर वरनं चुना पडताना दिसतो. कुणाला सांगू हे? इंजिनियरला सांगू, माझ्या स्वप्नात चुना पडायलाय म्हणून?"

 शाळेत इंदुमतीबाई चौथीपर्यंत गेल्या, त्यातली तिसरी दोनदा. हिशोबातलं त्यांना कळत नव्हतं. पण हा पोरगा लहानपणी पतंगासाठी गच्चीच्या कठड्यावरून चालायचा. त्याची बोटं आता चादरीची किनार चुरगाळत होती, हे त्यांना दिसत होतं.

आणि तेवढ्यात त्यांना ते आठवलं. खरं तर विसरल्या कधीच नव्हत्या. कामाचं नव्हतं म्हणून बाजूला पडलं होतं.

नवी नवरी होऊन त्या आल्या त्याच वर्षी बेगम बाजारात एका व्यापाऱ्याच्या कोठीच्या कमानीचा सांगाडा उतरवायचा होता. सासरे नामदेवराव, सासूबाई, नणंदा, सगळे ओळीनं पाटावर बसले. वरणभात वाढला, तूप पडलं. पाचरी ठोकून सोडवायची लाकडी मोगरी होती हशमत अलींच्या हातात, कुदरत अलींचा मुलगा. उंच माणूस, अंगात काळी शेरवानी, अत्तराचा वास. तो प्रत्येक खांबाजवळ गेला, बोटाच्या पेरानं लाकूड वाजवलं, कान लावला. मग मोगरी भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाला, "आज नहीं, नामदेवभाई."

सासऱ्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि उठले. का म्हणून विचारलं नाही. मागोमाग सगळी ओळ उठली. नव्या नवरीला भूक फार लागली होती, तिला रडू आलं. रात्री सासूबाईंनी सांगितलं, "आपण खाली बसलो की मोगरी त्यांच्या घरची. ते खाली बसले की आपल्या घरची. जो बसतो त्यानं मारायचं नाही आणि ज्याच्या हाती मोगरी आहे त्याला विचारायचं नाही."

त्याच हशमत अलींचा पेला मात्र भालकीकरांच्या घरी वेगळ्या कोनाड्यात असायचा. जीव त्यांच्या हाती द्यायचा, पाणी त्यांच्या हातचं प्यायचं नाही. तेव्हा यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. त्यांना स्वतःलाही नाही.

पुढं वसंतरावांच्या अमदानीत हशमत अलींनी एका बड्या अधिकाऱ्यासमोर पुन्हा एकदा "आज नहीं" म्हटलं. वसंतरावांना तो अपमान वाटला. कंपनी फुटली. पाटीवरचं दुसरं नाव रंगवून टाकलं. पुढं सिमेंटचे दिवस आले. स्लॅबखाली जेवणं चालू राहिली, फोटो निघत राहिले. बसायचं तेवढं या घरानं जपलं. मोगरी आपलीच झाली आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

"गाडी काढ," इंदुमतीबाई म्हणाल्या. "मल्लेपल्लीला जायचंय."

"मल्लेपल्लीला कोण आहे आपलं?"

"आपलं कुणी नाही. म्हणूनच जायचंय."

हशमत अलींची मुलगी नुसरत मुलींच्या शाळेत उर्दू शिकवायची, आता निवृत्त होऊन एकटीच राहत होती. दार तिनंच उघडलं. चष्मा कपाळावर, हातात तांदूळ निवडायचं सूप. इंदुमतीबाईंकडं तिनं इतका वेळ पाहिलं की वरुणनं घसा खाकरला.

"आओ भाभी," शेवटी ती म्हणाली. "रस्ता भूले क्या?"

"नाही. आठवला."

आत बसल्यावर इंदुमतीबाईंनी उद्याचं सगळं सांगितलं. मराठीत सांगितलं, नुसरतला ते पुरतं समजत होतं आणि ती आपल्या दखनीत उत्तरं देत होती. या दोन घरांची बोलायची रीतच ती होती.

"मोगरी तुम्ही धरायची," इंदुमतीबाई म्हणाल्या.

"पत्थर लगाए बोलके सुनी मैं. उसपे नाम किसका है?"

इंदुमतीबाईंनी वरुणकडं पाहिलं. वरुणनं खाली पाहिलं. संगमरवरी पाटी प्रशांतनं घडवून आणली होती. तिच्यावर दत्तात्रयपंतांचं एकट्याचं नाव.

"आमचं," त्या म्हणाल्या.

"तो हाथ भी तुमाराच होना." नुसरतनं सूप मांडीवर घेतलं आणि खडे वेचू लागली. "और मैं क्या समझती कमान में? बच्चियों को पढ़ाई मैं जिंदगीभर. मेरे कू पाचर और चप्पल का फरक नै मालूम."

"समजण्याचं काम नाहीच ते. समजणारे पुष्कळ झालेत आमच्याकडं. हा बसलाय त्यातलाच एक. माझ्या घरात नाही म्हणणारं माणूस उरलेलं नाही."

"तुम तो हो ना, भाभी. सारे हैदराबाद में तुमारी जबान मशहूर है."

सुपातले तांदूळ सळसळले.  भाजीवाल्याला, नणंदांना, सोसायटीच्या सेक्रेटरीला इंदुमतीबाईंनी आयुष्यभर नाही म्हटलं. पण प्रशांतनं चमचा परत जागेवर ठेवला तेव्हा त्या चिंचोके काढत राहिल्या.

"खाली बसणाऱ्यानं नाही म्हणायचं नसतं," त्या म्हणाल्या. "भ्यालं म्हणतात."

"हौ? तो डर नै लगता तुमको?" नुसरतनं पहिल्यांदा सूप बाजूला ठेवलं. "तुमारे घरवालों ने हमारे अब्बा का नाम पोंछ दिए. जिसका नाम पोंछे उसीच की बेटी के हाथ में हथोड़ा देते, और बहू को नीचे बिठाते. मैं क्या करूँगी, मेरे कू भी नै मालूम."

वरुण उठून उभा राहिला. "आजी, चल."

"बस खाली." इंदुमतीबाईंनी त्याची बाही ओढली. "लागतं भय, नुसरत. कालपर्यंत नव्हतं लागत. तुम्ही नाही आलात तरी आम्ही बसणारच आहोत, म्हणून तर जास्त लागतं."

नुसरतनं चष्मा डोळ्यांवर ओढला. "देखेंगे," ती म्हणाली. चहा विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी रोशन हॉलसमोर कनाती लागल्या होत्या. खुर्च्या, हार, दोन टीव्हीवाले. मंत्र्यांची गाडी लकडी-का-पूलला अडकल्याचा फोन आला होता. कमानीखाली पाट मांडलेले, केळीची पानं धुऊन पुसून ठेवलेली. इंदुमतीबाई आत गेल्या आणि पहिल्यांदा वर पाहिलं. सांगाड्याच्या फळ्यांमधून नव्या विटांची लाली दिसत होती. हवा गारठलेली होती, आणि वास येत होता ओल्या चुन्याचा. लहानपणी नवीन रंगवलेल्या खोलीत झोपवलं की यायचा तसा.

त्या बसल्या. सुलभा उजवीकडं बसली. मेघना डावीकडं, एक हात जमिनीला टेकून, जपून.

"तुला बसायचं नसेल तर ऊठ," इंदुमतीबाई हळूच म्हणाल्या.

"वरुणनं बांधलीय, आजी," मेघना म्हणाली. "मी उठले तर त्याला काय वाटेल?"

हेच आपण वसंतरावांच्या स्लॅबखाली किती वेळा म्हटलं असेल, इंदुमतीबाईंच्या मनात आलं.

वाढप सुरू झालं. मसालेभात, वरण, आंबाडीची चटणी, पुरण. प्रशांतनं मोगरीला लाल फीत बांधून आणली होती. "आई, सुरू करा," तो म्हणाला. "मंत्री पोहोचतायत. घास उचललेला दिसला पाहिजे."

"नुसरत येईतो घास उचलायचा नाही."

"कोण नुसरत?"

"हशमत अलींची. मोगरी तिच्या हाती द्यायची. बसणाऱ्याच्या घरानं मारायची नसते."

प्रशांतनं आधी टीव्हीवाल्यांकडं पाहिलं आणि मग आवाज खाली आणला. "आई, आज नको हे. ज्यांचा चाळीस-पन्नास वर्षांत संबंध नाही..."

"संबंध तुझ्या बापानं तोडला. रीत नव्हती तोडली, तीही तुटली."

"त्या येणार आहेत?"

"माहीत नाही."

"नाही आल्या तर?"

"तर पान गार होईल."

तो वाकला, अगदी त्यांच्या कानाशी. "माझी सगळ्यांसमोर शोभा करायची आहे का तुम्हाला?"

इंदुमतीबाईंना वाटलं, आता आपला हात आपोआप भाताकडं जाईल. जातही होता. तेवढ्यात उजवीकडून सुलभाचा आवाज आला. "आई म्हणतायत तसं होऊ द्या."

इतकंच. ती समोर पाहत होती आणि तिच्यासमोर उचलायला एकही भांडं नव्हतं. प्रशांत बायकोकडं असा पाहत राहिला, जणू भिंतच बोलली.

नुसरत आली ती रिक्षानं. बुरख्याचा पडदा वर केलेला, हातात भाजीची पिशवी, जशी काही बाजारात जाता जाता वळली होती. तिला कुणी ओळखलं नाही. वरुण पुढं झाला, बापाच्या हातून त्यानं मोगरी घेतली. ओढली नाही, नुसती धरली, आणि प्रशांतची बोटं सुटेपर्यंत धरून राहिला.

"त्यांचं काम आहे, बाबा."

नुसरतनं पिशवी भिंतीशी ठेवली. मोगरी हातात घेतली तर ती तिच्या अपेक्षेपेक्षा जड निघाली. मनगट खाली गेलं. ती पहिल्या खांबाजवळ गेली, उगीच हात लावला. दुसऱ्याजवळ गेली. बापासारखं लाकूड वाजवायला तिला येत नव्हतं आणि तिनं तसं सोंगही आणलं नाही. नुसती फिरत होती. गर्दीतलं कुणी तरी हसलं. मग ती मेघनाच्या पाटामागच्या खांबाशी येऊन थांबली.

इंदुमतीबाईंना ती दिसत नव्हती. तिचा श्वास ऐकू येत होता. वर पाहायची हिंमत होईना. पानातल्या वरणावर काही तरी पडलं, बारीक, पांढरं. चुना असेल. कबुतराचंही असेल. मेघनानं ते पाहिलं आणि बोटानं बाजूला केलं. तिचं बोट त्यानंतर पानावरच राहिलं. एका बाईच्या हातात मोगरी होती, तिच्या बापाचं नाव या घरानं पुसलं होतं. वर ओला चुना होता. खाली पणतू होता, ज्याला अजून नावही नव्हतं. इंदुमतीबाईंनी पदर तोंडाशी धरला. देवाचं नाव आठवेना. आठवली ती सासूबाईंची जुनी ताकीद, विचारायचं नाही.

मोगरी पाचरीला टेकली. लाकडावर लाकूड टेकल्याचा लहानसा आवाज आला.

मग तीच मोगरी फरशीवर ठेवल्याचा.

"आज नहीं," नुसरत म्हणाली.

"म्हणजे?" प्रशांत पुढं आला. "का? काय दिसलं तुम्हाला? तडा आहे? दाखवा कुठं आहे."

इंदुमतीबाई उठल्या. सुलभानं काखेत हात घातला. दुसऱ्या हातानं त्यांनी मेघनाला ओढलं, जरा जोरातच.

"आई, मंत्री चौकात आलेत."

"येऊ देत. बाहेर जेवायला बसू त्यांच्याबरोबर."

"तिनं मुद्दाम केलंय हे. नावासाठी."

"केलं असेल," इंदुमतीबाई म्हणाल्या. "तरी उठायचंच असतं. तुझे आजोबा उठले होते."

"आणि उद्या कळलं, कमान ठणठणीत होती, तर?"

"तर कळेल की ठणठणीत होती. उद्या कळेल ना?"

पानं उचलून बाहेर कनातीत नेली. वाढपी गोंधळले, एकानं आमटी सांडली. वरुण सांगाड्याशी उभा राहून मोगरीची लाल फीत सोडत होता आणि त्याचा चेहरा ओला होता, घामानंच असेल. इंदुमतीबाईंनी पाट ओळीनं लावून घेतले आणि आपल्या शेजारच्या पाटावर हात थोपटला.

"इथं बसा, नुसरत. त्याच ओळीत."

नुसरत बसली. बुरख्याची बाही मागं सारून पानाकडं पाहत राहिली. मग फक्त इंदुमतीबाईंना ऐकू जाईल असं बोलली.

"कुछ दिखा नै मेरे कू, भाभी. झूट कायकू बोलूँ. बच्ची का पेट देखी, और हाथ काँपा."

"त्याच्यासाठीच बोलावलं होतं," इंदुमतीबाई म्हणाल्या आणि तिच्या भातावर स्वतः तूप वाढलं. मग वरुणला हाक मारली. "त्या संगमरवरी दगडावर आणखी एक नाव बसेल का रे?"

"बसेल, आजी. उजवीकडं जागा आहे."

"मग चुना वाळेतो ते करून घे. आणि सांगाडा कधी उतरवायचा ते तुझ्या बापाला सांग. पुटपुटू नकोस."

कमानीखाली आता एकटा प्रशांत उरला होता. त्यानं मोगरी उचलली. इथं इंदुमतीबाईंचा घास हातातच राहिला. तो पहिल्या पाचरीपाशी गेला, हात वर केला, आणि मग मान वर करून त्या ओल्या, लाल विटांकडं पाहिलं. खाली कुणी बसलेलं नव्हतं. फक्त तो होता.

त्यानं मोगरी ठेवली आणि बाहेर निघाला. पहिली पावलं संथ होती, सगळ्यांना दिसतील अशी. कमानीच्या मधोमध आल्यावर मात्र त्याची चाल बदलली. मान खांद्यात गेली, आणि शेवटचं अंतर त्यानं लहान मूल अंधारी खोली ओलांडतं तसं पार केलं.

इंदुमतीबाईंनी झटकन नजर पानाकडं वळवली. आपण पाहिलं हे त्याला कळायला नको होतं.

"सुलभा," त्या मान वर न करता म्हणाल्या, "त्याचंही पान मांड. इकडं, माझ्या बाजूला."